रेफरन्सची स्वस्ताई कुणाच्या जिवावर?

‘अख्खा डेटा कॉपी करून कशाला पाठवायचा? रेफरन्स द्या आणि मोकळे व्हा.’ कोड तपासायला बसलेले अनुभवी लोक हे वाक्य इतक्या सहज टाकतात, की नवखा प्रोग्रामर वाद न घालता बदल करून टाकतो. कॉपी म्हणजे उधळपट्टी, रेफरन्स म्हणजे काटकसर. कॉपी शिळी होते, रेफरन्स सदा ताजा. आणि कुणी गडबड करू नये एवढी शिस्त आपल्या टीममध्ये आहेच. या तीन मुद्द्यांवर हा सल्ला उभा आहे. तिन्ही मुद्दे ऐकायला रास्त वाटतात, पण तपासायला गेलं की एकही टिकत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एका कंपोनंटच्या पोटात कुणी हवे तेवढे रेफरन्स फिरवावेत. ते त्याच्या घरचं आहे. पण दोन कंपोनंटच्या हद्दीवर व्हॅल्यू हा नियम असावा आणि रेफरन्स हा अपवाद. अपवाद हवा असेल त्याने कारण द्यावं. आज नेमकं उलटं चालतं: कॉपी करणाऱ्याला जाब विचारला जातो आणि रेफरन्स देणाऱ्याला कुणी हटकत नाही.

ज्यांचा प्रोग्रामिंगशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच: व्हॅल्यू देणं म्हणजे त्या क्षणी जे होतं ते समोरच्याच्या हवाली करणं. पुढे माझ्याकडे काहीही बदललं तरी त्याच्याकडचं बदलत नाही. रेफरन्स देणं म्हणजे ती वस्तू मेमरीत कुठे ठेवली आहे तो पत्ता देणं. आता दोघंही एकाच वस्तूकडे बघतात, आणि एकाने हात लावला की दुसऱ्याकडचंही बदलतं. जावामध्ये नक्की काय होतं, पास बाय व्हॅल्यू की पास बाय रेफरन्स, हा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. ऑब्जेक्टचा पत्ता जातो आणि तो पत्ता व्हॅल्यू म्हणून जातो, हे बरोबर उत्तरही मुलं पाठ करून येतात. पण दिलेला हा पत्ता समोरचा किती दिवस जपून ठेवणार आणि त्याचं काय करणार, हे विचारणारा कुणी भेटत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. सी प्लस प्लसमध्ये एक छोटं फंक्शन आहे: आकड्यांची यादी आणि एक भाजक घ्यायचा, यादीतल्या प्रत्येक आकड्याला भाजकाने भागायचं. काटकसरीचा सल्ला मानून भाजकही रेफरन्सने घेतला, वर ‘कॉन्स्ट’ लावलं, म्हणजे फंक्शनने त्याला हात लावायचा नाही. आता यादी आहे ४, ८, १२. बोलावणाऱ्याला सगळे आकडे पहिल्याच्या पटीत हवे आहेत, म्हणून भाजक म्हणून त्याने यादीतला पहिला घटकच दिला. अपेक्षित उत्तर १, २, ३. मिळतं १, ८, १२. कारण पहिल्या फेरीत ४ भागिले ४ होऊन पहिल्या जागी १ आला, आणि भाजक म्हणजे तीच जागा. पुढच्या सगळ्या आकड्यांना १ ने भागलं गेलं. फंक्शन लिहिणाऱ्याने चूक केली नाही, बोलावणाऱ्यानेही केली नाही, कंपायलरने चकार शब्द काढला नाही. भाजक व्हॅल्यूने घेतला असता तर हा प्रश्न जन्मालाच आला नसता, आणि रेफरन्स घेऊन वाचले ते बाइट किती? एकही नाही. आकडे ‘डबल’ जातीचे धरले तर आकडा आठ बाइटचा आणि ६४ बिटच्या मशीनवर त्याचा पत्ताही आठ बाइटचाच.

हे दुखणं आजचं नाही. जुन्या फोरट्रानमध्ये सबरूटीनला दिलेली प्रत्येक गोष्ट पत्त्याने जात असे. कित्येक कंपायलर कोडमध्ये थेट लिहिलेला १ सारखा आकडासुद्धा मेमरीत एका जागी ठेवून त्याचा पत्ता देत. सबरूटीनने आपल्या त्या पॅरामीटरमध्ये काही लिहिलं, की प्रोग्रामच्या उरलेल्या भागात १ म्हणजे २ होऊन बसे. अंकगणितच बदलून टाकणारी ही चूक जुन्या लोकांच्या गप्पांत आजही निघते. टोनी होअर यांनी १९७३ मध्ये भाषांच्या रचनेविषयी लिहिताना रेफरन्सला थेट ‘गोटू’च्या पंक्तीला बसवलं होतं: कुठून कुठे उडी जाईल याचा वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. ‘गोटू’ला आपण हद्दपार केलं. रेफरन्सला मात्र मानाचं पान दिलं.

१९९७ सालचं प्रकरण तर प्रत्येक कोड तपासणाऱ्याला तोंडपाठ असायला हवं. जावाच्या जेडीके १.१.१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांना एक भोक सापडलं. नेटवरून उतरवलेल्या अ‍ॅपलेटवर सही कुणाची आहे हे पाहून त्याला किती मोकळीक द्यायची ते ठरत असे. आपल्यावर कुणाच्या सह्या आहेत हे विचारायची सोय प्रत्येक क्लासला होती. त्या मेथडचं नाव ‘गेटसाइनर्स’. विचारणाऱ्याला यादीची कॉपी मिळायला हवी होती. मिळत होता यंत्रणेच्या आतला, ती स्वतः वापरत होती तोच अ‍ॅरे. म्हणजे अ‍ॅपलेटला फक्त त्या अ‍ॅरेत एखादं भरवशाचं नाव लिहायचं होतं. पुढे यंत्रणा त्यालाच भरवशाचा मानणार. कुंपणाचं दार शेत खाणाऱ्याच्याच हाती दिलं होतं. सहीचं गणित पक्कं होतं, कुलूप मजबूत होतं. चुकलं ते एका ओळीत: कॉपी परत करण्याऐवजी रेफरन्स परत केला. असल्या अ‍ॅरेत मोजकी नावं असतात. ती कॉपी करायला किती वेळ लागला असता ते आपणच ठरवा.

आता काटकसरीच्या मुद्द्याकडे. कॉपीला वेळ लागतो हे खरं. पण किती, आणि कशाच्या तुलनेत? लिनक्सच्या ६४ बिट इंटेल आणि एएमडी मशीनवर १६ बाइटपर्यंतचे साधे स्ट्रक्चर व्हॅल्यूने दिले तर ते बहुधा थेट रजिस्टरमधून जातात. त्याच स्ट्रक्चरचा रेफरन्स द्यायचा तर त्याला मेमरीत जागा द्यावी लागते आणि घेणाऱ्याला तिथे जाऊन ते आणावं लागतं. कॅश चुकली तर मुख्य मेमरीपर्यंतची फेरी सुमारे १०० नॅनोसेकंदांची. तेवढ्या वेळात एखादा किलोबाइट आरामात कॉपी होतो. शिवाय दोन रेफरन्स एकाच जागेकडे बघत असतील का, ही शंका कंपायलरलाही छळते. खात्री नसेल तर तो प्रत्येक वेळी आकडा पुन्हा मेमरीतून वाचतो. म्हणून तर सी भाषेने १९९९ च्या मानकात ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द आणला: या जागेकडे दुसरं कुणी बघत नाही, असं प्रोग्रामरने लिहून द्यायचं. आणि पत्त्याने सगळं देणारं फोरट्रान आकडेमोडीत इतकं वेगवान का? कारण बदलल्या जाणाऱ्या जागेकडे दोन पॅरामीटरनी एकाच वेळी बोट दाखवायचं नाही, हा त्या भाषेचा नियमच आहे. म्हणजे रेफरन्सला वेग येतो तो जागा सामायिक नाही याची हमी दिल्यावर. ज्या सामायिकपणासाठी रेफरन्सचा एवढा कैवार घेतला जातो, तोच वेगाच्या आड येतो.

यावर हमखास पुढे केलं जाणारं उदाहरण म्हणजे क्रोम ब्राउझर. २०१४ मध्ये क्रोमियमच्या अभियंत्यांच्या लक्षात आलं, की पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाइप केलं की मेमरीची २५ हजारांहून अधिक वेळा मागणी होते, आणि ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसमधल्या अशा एकूण मागण्यांपैकी जवळपास निम्म्या स्ट्रिंगपायी होतात. ‘बघा, कॉपीचा प्रताप!’ असं म्हणून हा आकडा तोंडावर फेकला जातो. पण कारणांची यादी वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. त्या यादीत एक कारण असं होतं: एका फंक्शनकडे चांगली स्ट्रिंग असायची, ते पुढच्याला नुसता कॅरेक्टर पॉइंटर, म्हणजे अक्षरांचा पत्ता, द्यायचं, आणि पुढच्याला स्ट्रिंगच हवी असल्यामुळे ते त्या पॉइंटरवरून नवी स्ट्रिंग बांधायचं. हद्द ओलांडताना लांबी गेली, मालकी गेली, उरला पत्ता. म्हणजे यातल्या कित्येक कॉप्या पत्ता दिल्यामुळेच कराव्या लागल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार.

मोठा डेटा असेल तर? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. फोर-के व्हिडिओची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर सुमारे ३ कोटी ३२ लाख बाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळजवळ दोन गिगाबाइट. हे प्रत्येक हद्दीवर कॉपी करा असं मी म्हटलं तर मला वेड्यात काढा. पण व्हॅल्यू हा व्यवहाराचा अर्थ आहे; बाइट प्रत्यक्ष हलवायचे की नाही ही अंमलबजावणीची बाब आहे. या दोन गोष्टींची गल्लत करूनच व्हॅल्यूला महाग ठरवलं जातं. स्विफ्टमध्ये २०१४ पासून अ‍ॅरे हा व्हॅल्यू आहे, पण दिल्याबरोबर त्यातले घटक कॉपी होत नाहीत. दोघांपैकी कुणी लिहायला गेलं तरच होतात. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून वस्तू ‘मूव्ह’ करता येते: घेणाऱ्याकडे ती आली, देणाऱ्याचा हात मोकळा. फ्रेमही अशीच पुढे सरकवावी.

एरलांगचं उदाहरण तर यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी या भाषेचं काम सुरू झालं. तिथे एका प्रोसेसने दुसऱ्या प्रोसेसला पाठवलेला निरोप कॉपी होतो. सामायिक मेमरीत कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही. मात्र ६४ बाइटपेक्षा मोठे बायनरी तुकडे एकाच जागी राहतात आणि मोजणी ठेवून वाटले जातात. हे प्रोग्रामरला कळतही नाही, कारण ते तुकडे बदलताच येत नाहीत. अर्थ कॉपीचा, खर्च पत्त्याचा. याच एरलांगवर उभ्या असलेल्या व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ च्या सुरुवातीलाच एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या धरून दाखवल्या होत्या. कॉपीने मोठी सिस्टीम चालत नाही म्हणणाऱ्यांच्या खिशातल्या फोनवर याचा पुरावा वाजत असतो.

दुसरा मुद्दा ताजेपणाचा. ‘कॉपी दिली की ती शिळी होते, रेफरन्स दिला की सगळीकडे एकच सत्य.’ हे वाक्य एखाद्या बिलाच्या प्रोग्रामवर घासून बघू. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. शाम्पू, टूथपेस्ट यांसारख्या वस्तू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. समजा एखाद्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाच्या ओळीत कराचा आकडा न ठेवता दराच्या नोंदीचा रेफरन्स ठेवला आहे. ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक ऑगस्टच्या बिलाची प्रत मागतं, आणि छापून येतं पाच टक्क्यांचं बिल. दुकानदाराने घेतले अठरा, सरकारकडे भरले अठरा, कागद म्हणतो पाच. रेफरन्स अगदी ताजा होता. तोच तर घोटाळा झाला. बिल ही घडून गेलेली गोष्ट आहे. तिला ताजं करायचा अधिकार कुणालाच नाही. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद उद्या बदलेल, पण बँकेत दिलेला सातबारा त्यावरच्या तारखेपुरता खराच राहतो. व्हॅल्यू शिळी होत नाही, ती तारखेची असते. तारीख लिहायची राहिली तर दोष लिहिणाऱ्याचा.

ज्यांना काळाबरोबर खरंच बदलायचं आहे, पण ओळख एकच राखायची आहे, अशा वस्तू असतात: बँकेतलं खातं, उघडलेली फाइल, डेटाबेसची जोडणी, प्रिंटर. खात्याच्या शिल्लक रकमेच्या दोन कॉप्या करून दोन खिडक्यांवर दोघांनी पैसे दिले तर बँक बुडेल, हे मलाही मान्य आहे. इथे एकच खातं हवं. पण म्हणून खिडकीवरच्या कारकुनाला खात्याच्या मेमरीचा पत्ता द्यायचा का? त्याला खातेक्रमांक द्या आणि ‘यातून पाचशे वजा करा’ अशी विनंती मालक कंपोनंटकडे पाठवायला सांगा. क्रमांकही व्हॅल्यू, विनंतीही व्हॅल्यू. शिल्लक पुरेशी आहे का, आज मर्यादा संपली का, हे मालक तपासेल आणि मग बदल करेल. उघडा पत्ता मिळालेला कारकून ही तपासणी टाळून थेट आकडा बदलू शकतो. सत्य एकच असावं हे कबूल. पण त्यासाठी त्याचा मालकही एकच लागतो. दहा जणांच्या हाती रेफरन्स असलेली वस्तू एक असते खरी, पण तिला दहा मालक असतात.

तिसरा मुद्दा शिस्तीचा, आणि तोच सगळ्यात पोकळ. ‘आम्ही कॉन्स्ट लावतो, फायनल लावतो.’ कॉन्स्ट रेफरन्स एवढंच सांगतो, की या वाटेने बदल होणार नाही. दुसऱ्या वाटेने होणार नाही असं तो म्हणतच नाही. वरच्या ४, ८, १२ मध्ये तेच झालं. जावामधलं फायनल तर फक्त पत्ता पक्का करतं; त्या पत्त्यावरच्या घरात काय चाललं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘अनमॉडिफायेबल लिस्ट’ असं भारदस्त नाव घेऊन मिळणारी गोष्ट मूळ यादीला लावलेली काच आहे: घेणारा आत हात घालू शकत नाही, पण मूळ यादी ज्याच्याकडे आहे तो ती बदलतच राहतो आणि काचेपलीकडचा ते बघत राहतो. खरी, सुटी, न बदलणारी यादी एका हाकेत देणारं ‘कॉपी ऑफ’ जावात यायला २०१८ उजाडलं. शिवाय शिस्त माणसांची असते. माणसं कंपनी बदलतात, त्यांचा कोड मात्र मागे राहतो. ‘ही यादी परत आल्यावर हात लावू नका’ हा नियम कुणाच्या तरी डोक्यात होता. तो माणूस गेला की नियमही गेला. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो असा.

माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावणं गरजेचं आहे. कॉपी केली म्हणजे व्हॅल्यू झाली, असं नाही. जावास्क्रिप्टमध्ये तीन टिंबं देऊन ऑब्जेक्ट पसरवला की वरचा एक थर नवा होतो; आतले ऑब्जेक्ट तेच राहतात. ऑर्डर नवी, पण तिच्यातला गिऱ्हाइकाच्या घरच्या पत्त्याचा ऑब्जेक्ट जुन्या ऑर्डरबरोबर सामायिक. पायथनमध्ये शून्यांची एक ओळ यादीत घालून आणि ती यादी तीनने गुणून तक्ता बनवला की तीन ओळी दिसतात आणि असते एकच. एका चौकटीत लिहिलं की तिन्ही ओळींत उमटतं. अशी अर्धवट कॉपी रेफरन्सपेक्षाही वाईट, कारण ती सुरक्षिततेचा आव आणते. व्हॅल्यूचा आग्रह धरायचा तर तो मुळापर्यंत धरा, नाहीतर आतल्या वस्तू बदलताच येणार नाहीत अशा बनवा.

आणखी एक गोष्ट काटकसरवाले विसरतात. आज एका प्रोसेसमध्ये शेजारी नांदणारे दोन कंपोनंट उद्या दोन मशीनवर जातात. जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९४ मध्येच बजावलं होतं, की जवळचा ऑब्जेक्ट आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखे भासवायला जाऊ नका. त्यांच्या कारणांत मेमरीचं कारण ठळक होतं: एका मशीनच्या मेमरीतला पत्ता दुसऱ्या मशीनवर निरर्थक असतो. मशीनमधल्या देवाणघेवाणीच्या जेसन मजकुरातून पॉइंटर जात नाही. ज्यांच्या हद्दीवर आधीपासून व्हॅल्यू होत्या त्यांना कंपोनंट वेगळा काढणं सोपं जातं. ज्यांनी रेफरन्स वाटून ठेवले, त्यांना प्रत्येक धागा शोधून तोडावा लागतो, आणि कोण कुणाच्या वस्तूत लिहीत होतं हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

मग रेफरन्स कधीच नको का? हवा, पण त्याच्या अटी उघड लिहिलेल्या हव्यात. रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिचा नियम असा: एका वेळी वाचणारे कितीही, नाहीतर लिहिणारा एकच, आणि मूळ वस्तू गेल्यावर तिचा रेफरन्स मागे उरता कामा नये. हे कंपायलर तपासतो आणि पटलं नाही तर प्रोग्राम बनूच देत नाही. नवशिके वैतागतात, कंपायलरशी भांडतात. हा वैताग रस्टने निर्माण केला, असं म्हणणारे हिशेब चुकवतात. रेफरन्स सुरक्षित ठेवायला एवढं सगळं सांभाळावं लागतं, हे इतर भाषांतही तितकंच खरं आहे. तिथे फक्त विचारणारं कुणी नसतं. तिथली किंमत चुकवतो तो रात्री दोनला फोन आल्यावर उठून बसणारा सपोर्टचा माणूस, ज्याला आकडा चुकलेला दिसतो पण तो कुणी चुकवला ते दिसत नाही.

या वादाचं मूळ तिथेच आहे. कॉपीचा खर्च प्रोफाइलर दाखवतो, मायक्रोसेकंदांत, लाल रंगात. रेफरन्सचा खर्च दाखवणारा प्रोफाइलर नाही. जे दिसतं त्याची काटकसर होते आणि जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या नावावर चढतं. म्हणून हद्दीवर रेफरन्स मागणाऱ्याने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: ही वस्तू बदलायचा अधिकार कुणाला, हा पत्ता कधीपर्यंत चालणार, आणि कॉपी परवडत नाही हे मोजून पाहिल्याचा पुरावा. तिन्ही हाती आल्या तर मी बिनतक्रार सही करीन. बहुतेकांकडे तिसरी नसते, कारण त्यांनी मोजलेलंच नसतं. आणि पहिल्या दोन विचारल्या की समजतं, त्यांचाही विचार केलेला नव्हता.